नेरुळहून नैरोबीला, वर्षभराच्या सेवेसाठी

ताई, सलाम.

तुम्ही नेरुळहून विचारलंत: नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं, नैरोबीत वर्षभर राहून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी शिक्षणाची सेवा करायची आहे, तर व्हिसा कोणता, पैसे कसे न्यायचे, मुलांच्या शाळेचं काय, आणि तिथली मुलं सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, ऐकायला तयार असतात का. आम्ही ठाण्याचे, वर्तकनगरचे. 2024 च्या जानेवारीत इथे आलो, मथारे झोपडपट्टीलगतच्या एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अभ्यासवर्गात पहिलं वर्ष काढलं आणि अजून इथेच आहोत. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं त्यावर ठरतं.

2019 च्या जनगणनेप्रमाणे केनियात सुमारे 85 टक्के लोक ख्रिस्ती आहेत. मथारेत गल्लीगणिक पत्र्याचं चर्च आहे आणि रविवारी एकाच्या भोंग्यातलं गाणं दुसऱ्याच्या उपदेशात घुसतं. शाळेत ख्रिस्ती धर्मशिक्षण हा रीतसर विषय आहे, शिवाय आठवड्यातून एक तास पाळकीय शिक्षणाचा, म्हणजे धार्मिक मार्गदर्शनाचा, असतो. आपल्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, बायबलमधलं स्तोत्र 23 पाठ करून घेताना आपली किती दमछाक होते! इथली मुलं ते घडाघडा म्हणतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पाचवीतल्या पोराला इंग्रजी परिच्छेद वाचता येत नाही, भागाकार जमत नाही, घरात एका खोलीत सहाजण आणि दुपारचं जेवण बेभरवशाचं. सरकारी प्राथमिक शाळेत असेल तर 2023 पासून नैरोबी काउंटीच्या योजनेत 5 शिलिंगांत गरम जेवण मिळतं, मनगटावरची पट्टी यंत्राला टेकवायची की झालं. पण वस्तीतली बरीच मुलं खासगी, पत्र्याच्या शाळांत जातात आणि तिथे ही सोय नाही. म्हणून ‘आपण त्यांना सुवार्ता द्यायला चाललोय’ हा भाव ठाण्याच्या खाडीपलीकडे नेऊच नका. इथे हवेत वाचन आणि गणित शिकवणारे लोक, तेही इथल्याच शिक्षकांच्या हाताखाली काम करायला तयार असलेले.

हाताखाली म्हणजे खरोखर हाताखाली. आमच्या अभ्यासवर्गाच्या प्रमुख एक स्थानिक शिक्षिका आहेत. माझे यजमान हिशेब आणि गणित बघतात, मी वाचनाचा गट घेते. आपल्याकडे व्हीबीएसला, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेला, हजेरीची बक्षिसं देतात तशी इथेही द्यावीत असं मी सुचवलं, तेव्हा बाईंनी शांतपणे नकार दिला. ज्या मुलीला धाकट्या भावाला सांभाळायला घरी थांबावं लागतं, ती दर वेळी बिनबक्षिसाची राहील, म्हणाल्या. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला किती वर्षांनी सुचली असती, कोण जाणे.

तुमच्या पत्रात ‘पुढेमागे छोटं बालगृह काढू’ असं एक वाक्य आहे, ते खोडून टाका. केनियाने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि 2022 च्या बाल कायद्यानंतर सरकारचा सगळा कल मुलांना नातेवाइकांकडे किंवा सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात ठेवण्याकडे आहे. मला हे धोरण पटतं. बालगृहातल्या अनेक मुलांना आई-बाप हयात असतात. अडचण फीची आणि जेवणाची असते, आणि तेवढ्यासाठी मूल घरातून उचलणं बरोबर नाही. त्यात 2023 मध्ये किलिफी काउंटीतल्या शाकाहोला जंगलात एका पंथाच्या नादी लागून चारशेहून जास्त माणसं जिवानिशी गेली, तेव्हापासून धार्मिक संस्थांकडे जरा डोळे वटारूनच बघितलं जातं. परक्या कुटुंबाने वेगळं नाव, वेगळा फलक लावायची ही वेळ नाही. जुन्या, नोंदणी झालेल्या मंडळीच्या छत्राखाली या.

कागदांचं सांगते. 2024 पासून केनियाला व्हिसा लागत नाही, ऑनलाइन ईटीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) काढावा लागतो, पण तो भेटीपुरता. त्यावर काम करता येत नाही, बिनपगारी सेवासुद्धा नाही. तुम्हाला लागेल धार्मिक आणि धर्मादाय कामाचं ‘क्लास आय’ परमिट, सेवा करणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर. दोघांपैकी कुणी सेवा करणार नसेल तर त्याच्यासाठी डिपेंडंट पास, मुलांसाठी स्टुडंट पास. अर्ज इथली संस्था करते, म्हणून संस्थेची कागदपत्रं चोख आहेत का हे तुम्ही आधी तपासा. ‘आधी या, मग बघू’ म्हणणाऱ्या संस्थेला हात जोडून नमस्कार करा. 90 दिवसांहून जास्त राहणाऱ्याला परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागते. पोलीस क्लिअरन्सची सोय पासपोर्ट सेवा केंद्रात आहे. आम्ही वागळे इस्टेटला गेलो होतो. मुलांमध्ये काम करायचं तर ते जवळ असलेलं बरं.

पैशांबद्दल दोन गोष्टी कुणीच सांगत नाही. पहिली म्हणजे तुमच्या मंडळीचा ट्रस्ट तुम्हाला सहज पैसे पाठवू शकणार नाही. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केलेल्या पैशांवर आयकराची सूट खास परवानगीशिवाय मिळत नाही, त्यामुळे खजिनदार बिचकतात आणि त्यात त्यांची चूक नाही. व्यक्ती मात्र एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, बँकेतून पाठवू शकते, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. वर्षात 10 लाख रुपयांच्या वर गेलात तर बँक वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पुढे आयकरात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. देणगीदारांना 80जीची, म्हणजे करसवलतीची, पावती मिळणार नाही हेही आधीच सांगा, नाहीतर डिसेंबरात फोन येतात. दुसरी गोष्ट विनिमय दराची. आम्ही आलो तेव्हा डॉलरला साधारण 160 शिलिंग मिळत होते, वर्षाच्या मध्यापर्यंत 130 च्या आत आले. रुपयाचं गणितही त्याच प्रमाणात आखडलं आणि ठाण्यात बसून केलेलं बजेट पंधरा-वीस टक्क्यांनी खाली बसलं. तेवढी उशी ठेवाच. घरभाडं पांगानी, न्गारा भागात घोडबंदर रोडच्या आसपासच पडतं. न्गारा आणि पार्कलँड्समध्ये तूरडाळ, कढीपत्ता, सगळं मिळतं. रोजचे व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरच्या पैशांवर, अगदी भाजीवालीसुद्धा, आणि हे 2007 पासून. आपल्या यूपीआयचा तोरा इथे कुणाला दाखवू नका.

मुलांची शाळा हा खरा पेच. इथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. मे महिन्याची सुट्टी संपवून जूनला आलात तर दुसरं सत्र सुरू होऊन महिना उलटलेला असेल; डिसेंबरात निघालात तर भारतातलं वर्ष अर्धवट सुटेल. तुमचं काम शाळेच्या वर्षाला बांधलेलं आहे, म्हणून मी डिसेंबरच सुचवेन. भारतीय संस्थांच्या बऱ्याच शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या आहेत आणि फी ऐकून घाम फुटतो. आम्ही मुलांना साध्या खासगी शाळेत, केनियाच्या नव्या अभ्यासक्रमात घातलं. किस्वाहिली सक्तीची असते. पहिल्या सत्रात भोपळा मिळाला, नंतर निभलं. भारतात परतल्यावर आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, 14 वर्षांपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायला हवा, तरी शाळेचा दाखला आणि प्रगतिपुस्तकं जपा. मोठं मूल आठवीच्या पुढे असेल तर मात्र येऊ नका, असं स्पष्ट सांगते. दहावीच्या तोंडावर वर्ष हलवणं त्या मुलावर अन्याय आहे.

वर्ष ठरवल्यासारखं जाईल हे मनातून काढा. आमच्या पहिल्याच वर्षी एप्रिलअखेर मथारे नदीला पूर आला. 29 एप्रिलला उघडायच्या शाळा 13 मेला उघडल्या, आणि त्याच सुमारास सरकारने नदीकाठची घरं पाडली. आमच्या हजेरीपटावरची कितीतरी मुलं कुठे गेली ते कळायलाच जून उजाडला. तेवढ्यात वित्त विधेयकाविरुद्ध तरुणांची आंदोलनं सुरू झाली, 25 जूनला जमाव थेट संसदेत शिरला. ते आठवडे मंगळवार-गुरुवारी मटाटू (इथल्या खासगी मिनीबस) बंद, शहरात अश्रुधूर, आणि आम्ही दार लावून घरी. ठाण्याहून सासूबाईंचे फोन. त्या काळात आमच्याकडून ‘सेवेचं फळ’ विचारणाऱ्यांना पाठवायला काहीच नव्हतं. फोटोही नाहीत, कारण मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय वापरायचे नाहीत असा इथला 2019 चा माहिती-संरक्षण कायदा सांगतो. मंडळीला हे निघण्याआधीच समजावून सांगा. आमच्या एका देणगीदाराला ते पटलं नाही, त्यांनी मदत थांबवली.

आणखी एक. इथे भारतीय माणूस म्हणजे ‘मुहिंदी’, आणि मुहिंदी म्हणजे दुकानाचा मालक. तुम्ही चर्चमध्ये बसलेल्या दिसलात की आधी आश्चर्य, मग प्रश्न. भारतात ख्रिस्ती असतात हे ऐकून एका मुलीने मला ‘कधीपासून?’ विचारलं. मी ठाण्यात 1321 मध्ये मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंची गोष्ट सांगितली, तेव्हा गप्प बसली आणि मग विचारलं, मग तुम्ही इतके थोडे का? त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. पण मालक-नोकराची ती जुनी अढी खरी आहे. हिशेब उघडे ठेवलेत, बाईंना वर्गाच्या प्रमुख म्हणून मान दिलात, तर हळूहळू सैल होते.

तुम्ही दोघांनी याआधी मुलांना शिकवलंय का, हे पत्रात नाही. नसेल तर तुर्भे स्टोअर्सला किंवा दिघ्याला चालू असलेल्या एखाद्या अभ्यासिकेत सहा महिने रोज संध्याकाळी जा. शिकवण्याचा कंटाळा तिथे आला तर तो नैरोबीतही येईल, फक्त विमानाचं तिकीट महाग.

पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या, सरकारमान्य केंद्रातच. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. केनियाहून परतताना मुंबई विमानतळावर ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, लहान मुलांनाही. मुलांच्या इयत्ता आणि तुम्हाला बोलावणाऱ्या मंडळीची माहिती कळवा, मग शाळेचं आणि परमिटचं नेमकं सांगता येईल.