तुमचं छत, त्यांची जमीन

रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज आणि खिडक्या यांबद्दल गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं निम्म्याहून जास्त वरच्या मजल्याबद्दल निघाली. थंडी सुरू झाली की हे व्हायचंच. पंखे बंद, खिडक्या बंद, घर शांत. मग जे वर्षभर पंख्याच्या घरघरीत बुडालेलं असतं ते ऐकू यायला लागतं. त्यातले चार प्रश्न घेते आहे.

कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. वरच्या घरात रात्री अकरापर्यंत खुर्च्या सरकतात, पाच वर्षांचा मुलगा पळत असतो आणि सकाळी सहाला खलबत्ता सुरू होतो. सोसायटीला पत्र दिलं, उपयोग शून्य. एका इंटिरिअरवाल्याने हॉल आणि बेडरूमला ‘साउंडप्रूफ’ फॉल्स सीलिंगचे नव्वद हजार सांगितलेत: जिप्सम बोर्ड, वर थर्माकोल. करून घ्यावं का? आणि पोलिसांत तक्रार करता येईल का? (निवृत्त बँक कर्मचारी)

करू नका. निदान ॲडव्हान्स तरी देऊ नका.

वरून आवाज दोन वाटांनी येतो. वरच्यांचा टीव्ही, गप्पा, भांडणं हवेतून स्लॅबपर्यंत येतात. पाच-सहा इंची काँक्रीट चांगलं जड असतं, त्यामुळे यातलं बरंचसं तिथेच अडतं. म्हणून वरच्यांचं भांडण चाललंय एवढं कळतं, कशावरून ते कळत नाही. खुर्चीचा पाय आणि टाच मात्र थेट स्लॅबलाच ठोकतात. स्लॅब थरथरतो, त्याच्याबरोबर बीम, कॉलम, भिंती थरथरतात आणि अख्खी खोली वाजते. आपल्याकडे स्लॅबवर सिमेंट-वाळूचं बेडिंग आणि बेडिंगवर टाइल. टणकावर टणक, मध्ये मऊ काही नाही. वर खुर्ची ओढली जात असताना तुमच्या बेडरूमच्या भिंतीला कान लावून बघा. छत झाकून हा आवाज थांबणार नाही हे लगेच कळेल.

आता त्या सीलिंगबद्दल. थर्माकोल हलका, म्हणून आवाज अडवत नाही. त्याची छिद्रं बंद, म्हणून तो शोषतही नाही. त्याची किंमत आधी कोटेशनमधून काढून टाका. राहिला जिप्समचा एक बोर्ड आणि वर चार इंच पोकळी. साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड आणि त्यामागे कोंडलेली हवा ही जोडी मिळून ढोलाच्या पानासारखी स्वतःच्या एका सुरात डोलते, आणि या मापाला तो सूर साधारण ६० हर्ट्झच्या आसपास पडतो. पळणाऱ्या मुलाची ‘धप’ नेमकी त्याच खर्जात असते. म्हणजे खुर्चीची किरकिर थोडी मऊ होईल, पण धप आहे तशीच राहील, कदाचित जरा घुमेलसुद्धा. नीट करायचं तर बोर्ड दोन हवेत, पोकळीत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) हवं, सीलिंग रबर किंवा स्प्रिंगच्या हँगरवर टांगलेलं हवं आणि चारी भिंतींपासून सुटं ठेवून फट लवचीक सीलंटने भरलेली हवी. सहा इंच उंची जाईल, खर्च कुठल्या कुठे जाईल, आणि भिंतीतून येणारं येतच राहील. भिंतीला चिकटवायचे अंड्याच्या ट्रेसारखे फोम तर विसराच. ते खोलीतला घुमारा कमी करतात, शेजाऱ्याचा आवाज नाही.

माझं मत विचाराल तर त्या नव्वद हजारांतले थोडे पैसे वरच्यांच्या घरात खर्च करा. गंमत नाही करत. धक्क्याचा आवाज जिथे जन्मतो तिथेच तो स्वस्तात मारता येतो. स्लॅबमध्ये शिरला की मग त्याच्यामागे कितीही पैसे घाला. ‘तुमचा त्रास आणि खर्चही आम्ही करायचा?’ असं तुमच्या मनात येणार, ते रास्तच आहे. पण तुम्हाला न्याय हवाय की झोप, हे आधी ठरवा.

आवाज चालू असताना वर जाऊ नका, आणि ग्रुपवर तर मुळीच लिहू नका. रविवारी सकाळी चहाच्या वेळी जा. त्यांना खाली येऊन ऐकायला सांगा: त्यांच्यातला एक जण वर, एक जण तुमच्या हॉलमध्ये, फोन चालू, आणि एकेक गोष्ट करून बघायची. आपली खुर्ची खाली कशी ऐकू येते याची बहुतेकांना खरोखरच कल्पना नसते. कधीकधी असंही निघतं की खलबत्ता वरच्यांचा नाहीच, तिरक्या घरातला आहे. काँक्रीटमधून आवाज सरळच येतो असं नाही.

खुर्च्यांना चिकटवायच्या फेल्टच्या चकत्या आपल्याकडे टिकत नाहीत. ओल्या फरशीपुशीत त्या सुटतात आणि पुढच्या आठवड्यात केरात सापडतात. लाकडी पायांना खिळ्याच्या फेल्टच्या चकत्या ठोका. लोखंडी पायांना काठीच्या टोकाला असते तशी रबरी टोपी बसते, पण पांढरी किंवा करडी घ्या. काळ्या रबराचे डाग व्हिट्रिफाइड टाइलवर पडले की तुमचा चांगुलपणा तिथेच संपला. सहा खुर्च्यांचे चोवीस पाय, अर्ध्या दिवसाचं काम.

खलबत्ता ओट्यावर असेल तर तिथेच गोम आहे. ओट्याचा ग्रॅनाइट खालच्या कडप्प्यावर आणि भिंतीत पक्का बसवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक घाव भिंतीतून खाली उतरतो. खलबत्ता घडी घातलेल्या गोधडीवर किंवा जाड रबरी मॅटवर ठेवला तर फरक लगेच ऐकू येतो. मिक्सरखालीही तसंच मॅट घाला, आणि तो भिंतीला टेकवून ठेवू नका. घरघंटी असेल तर तिची चाकं काढून रबरी पॅडवर बसवायची. वॉशिंग मशीन ड्राय बाल्कनीत लोखंडी ट्रॉलीवर असेल तर ती ट्रॉली काढून टाकायची, मशीनची लेव्हल बघायची आणि वाहतुकीसाठी लावलेले मागचे बोल्ट काढलेत का तेही बघायचं. ते न काढता मशीन वापरणारी घरं असतात!

मुलाचं काय? पाच वर्षांचं मूल पळणारच. कोड्यासारखे एकमेकांत अडकणारे जाड फोमचे मॅट त्याच्या खेळायच्या जागेत आणि पळायच्या पट्ट्यात टाकले तर टाचेचा कडकपणा जातो. खर्जातला धप्पा पूर्ण जाणार नाही, कमी होईल. नुसत्या सतरंजीने तो जात नाही. सतरंजी पडलेल्या चमच्याचा खणखणाट खाते, टाच नाही. मोठ्यांनी घरात मऊ चपला घातल्या तर उत्तम, पण हे तुम्ही सांगू नका, त्यांचं त्यांना सुचू द्या.

पोलिसांबद्दल: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. पण ते नियम मुख्यतः परिसरातल्या आवाजासाठी आहेत: स्पीकर, फटाके, बांधकाम वगैरे. स्लॅबमधून येणारी टाच त्या चौकटीत बसवणं अवघड. आणि एकदा पोलीस घरी येऊन गेले की फेल्टच्या चकत्या कुणी लावून घेत नाही.

कोथरूडमधली आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जात आहे. बिल्डरशी करारातल्या सोयींवर चर्चा चालू आहे. वरच्या मजल्याचा आवाज येऊ नये म्हणून काय लिहून घ्यावं? बिल्डर म्हणतो, मायव्हान तंत्राने (ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदम ओतून) बांधतोय, सगळ्या भिंती काँक्रीटच्या, आवाजाचा प्रश्नच नाही. (समिती सदस्या)

प्रश्न आहे. काँक्रीटच्या भिंती बोलण्याचा आवाज चांगला अडवतात, एवढं त्याचं म्हणणं खरं. पण भिंती आणि स्लॅब एकसंध ओतलेले असल्यामुळे कुठेही ठोकलं तरी ते सगळीकडे पोहोचतं. नवीन टॉवरमध्ये कुणी ड्रिल चालवलं की कोणत्या मजल्यावर ते सांगता येत नाही, हा अनुभव तुमच्यापैकी कुणाला तरी असेलच.

पहिली सूचना समितीतून येईल ती ‘स्लॅब जाड करा’. दक्षिण कोरियात बिनबीमच्या, भिंतींवर उभ्या असलेल्या इमारतींना २१० मिलिमीटरचा स्लॅब लागतो. तिथे मजल्यांमधला आवाज हा राष्ट्रीय वादाचा विषय आहे. पण १२५ मिलिमीटरचा स्लॅब १५० चा केल्याने धक्क्याचा आवाज जेमतेम तीन डेसिबलने कमी होतो. कानाला निम्मा वाटायला साधारण दहा लागतात. १५० मागा जरूर, पण जोर तिथे खर्च करू नका.

जोर लावायचा तो तरंगत्या फ्लोअरिंगवर. स्लॅबवर पाच ते दहा मिलिमीटरचा लवचीक थर, पॉलिइथिलीन फोम किंवा रबराच्या भुग्याचा. त्यावर जाळी घालून ५० मिलिमीटरचा कोबा, आणि त्यावर टाइल. कोबा आणि टाइल स्लॅबला कुठेच भिडत नाहीत. हे नीट झालं तर धक्क्याचा आवाज १८ ते २० डेसिबलने कमी होतो. फक्त त्या ५०-६० मिलिमीटरची उंची आणि कोब्याचं वजन नकाशाच्या वेळीच आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशेबात यायला हवं. नंतर आठवलं तर दारं घासतात.

‘नीट’ या शब्दावर सगळं अडतं. थर कडेने भिंतीवर दोन-तीन इंच वळवलेला हवा, सांध्यांना टेप हवा, इलेक्ट्रिकच्या नळ्या थर फाडून जाता कामा नयेत. सगळ्यात जास्त घात होतो तो शेवटी. टाइल बसल्यावर गवंडी स्कर्टिंग थेट टाइलवर टेकवतो आणि फट पांढऱ्या सिमेंटने भरतो. झालं! तरंगणारी जमीन पुन्हा भिंतीला जोडली गेली आणि खर्च वाया. स्कर्टिंग टाइलच्या तीन मिलिमीटर वर ठेवायचं आणि फट सिलिकॉनने भरायची. हे करारात लिहा, आणि फ्लोअरिंग चालू असताना समितीतलं कुणीतरी साइटवर उभं राहा.

आकडाही लिहून घ्या. मापनासाठी टॅपिंग मशीन असतं: अर्ध्या किलोचे पाच हातोडे ४० मिलिमीटरवरून पडतात, सेकंदाला दहा ठोके, आणि खालच्या खोलीत आवाज मोजतात. इंग्लंडमध्ये नव्या घरांना ही मर्यादा ६२ डेसिबल आहे, २००३ पासून. उघडा १२५ चा स्लॅब ७५ च्या पुढे जातो. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही ध्वनीवर स्वतंत्र विभाग आहे. पुण्यातल्या ब्रोशरमध्ये मात्र असा आकडा माझ्या पाहण्यात नाही, क्लबहाउसमधल्या ट्रेडमिलची संख्या असते. ‘नमुना फ्लॅटमध्ये चाचणी, ६० किंवा कमी’ एवढं एक वाक्य पुरे. बिल्डर खळखळ करेल. करू द्या.

जाता जाता: वरच्या संडासाचे पाइप आता तुमच्या बाथरूमच्या सीलिंगमध्ये लटकतात. त्यांच्या क्लॅम्पना रबर आणि पाइपांना जड आवरण मागा, आणि डक्ट बेडरूमच्या भिंतीला लागून नको म्हणा.

सहकारनगरला आमच्या हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा आहे. तक्रार मात्र वरचे करतात! खालून वर आवाज कसा जाईल? (गृहिणी)

जातो. तुमचं छत ही त्यांची जमीन. हुक स्लॅबच्या आत गेलेला असतो, कडी त्यात घासते आणि ती किरकिर वरच्यांच्या पायाखाली वाजते. तुम्हाला झोक्यावर बसून ती कमीच ऐकू येत असेल. तेलाने चार दिवस बरं वाटतं. बेअरिंगची कडी घ्या. तरी राहिलं तर हुकाऐवजी फॅब्रिकेटरकडून प्लेट करून घ्या, मध्ये गाड्यांच्या माउंटिंगचं रबर, जे नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे मिळतं. मात्र रबर दाबलं जाईल अशी रचना हवी, ताणलं जाईल अशी नको. उद्या रबर फाटलं तरी बोल्टवर झोपाळा लटकलेला राहिला पाहिजे. प्लेटचं डिझाइन आणि बोल्ट इंजिनिअरकडून तपासून घ्या. यात काटकसर नाही.

शनिवार पेठेत आमच्या वाड्याचा वरचा मजला दुरुस्त करतोय. कंत्राटदार म्हणतो, कडीपाटावरची (लाकडी कड्या आणि फळ्यांवरची) माती काढून टाकू, प्लाय टाकून त्यावर टाइल लावू, वजन कमी होईल. खाली भाडेकरू आहेत. आवाजावर परिणाम होईल का?

होईल, आणि वाईट होईल. चार इंच मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोच्या पुढे. अठरा मिलिमीटरचा प्लाय जेमतेम बारा किलो. बोलणं अडवणारं वजन त्या मातीतच आहे, आणि सुटी असल्यामुळे कंपनंही तीच खाते. ती गेली की भाडेकरूंना तुमचं प्रत्येक पाऊल मोजता येईल. माती काढायचं खरं कारण एकच असू शकतं: तुळया किंवा कड्या वाळवीने किंवा ओलीने गेल्या असतील तर. मग कड्यांच्या मध्ये रॉकवूल, वर रबराच्या पट्ट्यांवर फायबर सिमेंट बोर्डाचे दोन थर, आणि टाइलऐवजी काहीतरी मऊ. पण तुळया कुठे टेकतात ती भिंतीतली टोकं उघडून बघितल्याशिवाय कंत्राटदाराला घमेलं उचलू देऊ नका.