दर वेळी वेगळंच कुणीतरी तपासतं, मग माझी डॉक्टर नक्की कोण?

गरोदर बायकांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे. मी सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे, गरोदरपणातली एचआयव्ही तपासणी आमच्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात होते त्यामुळे नोंदणीला आलेली जवळपास प्रत्येक बाई एकदा तरी माझ्यासमोर बसतेच, आणि रक्ताचं बोलून झालं की उठता उठता विचारते, मॅडम मागच्या वेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या, आज तिसऱ्याच आहेत, बीपी सिस्टर बघतात, घरी आशाताई येतात, मग कळा सुरू झाल्यावर मला ओळखणारं कोण असणार तिथं?

हा प्रश्न अजिबात फालतू नाहीये. अनोळखी माणसांसमोर बाळंत व्हायचं ही भीती खरीच असते आणि "काही होत नाही गं" म्हणून ती जात नाही.

एका मुलीची गोष्ट सांगते, तिला विचारूनच, ओळख पटेल असे तपशील बदललेत. पहिलटकरीण, नवरा चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये, सासूबाई सोबत, एका खोलीचा संसार. नणंदेचं बाळंतपण प्रायव्हेटला झालेलं, नऊ महिने एकच डॉक्टर, त्यामुळे नणंद म्हणायची की सरकारीत कोण कोणाला ओळखतं, आणि नवरा बिचारा कर्ज काढायच्या तयारीत. इकडे हिचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ८.६. म्हणजे गरोदरपणात ११ च्या वर हवं ते एवढं कमी, आणि ही माझ्यासमोर रडत होती ती एचबीसाठी नाही, डॉक्टर बदलतात म्हणून.

मी तिला म्हटलं, तुझं कार्ड काढ आणि मला सांग एचबी कमी आहे हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? लॅबवाल्या दादांनी रिपोर्ट दिला, तो सिस्टरनी कार्डवर लाल पेनाने लिहिला, डॉक्टरांनी लोहाची गोळी एकाच्या दोन केली, आणि तू गोळ्या घेतेस का बंद केल्यास हे घरी येऊन बघितलं आशाताईंनी, त्यांनाच तू सांगितलंस की गोळीने मळमळतं म्हणून मी फेकते. हे डॉक्टरांना सांगितलं होतंस का? नाही म्हणाली. डॉक्टरांना सांगायला लाज वाटली, आशाताई घरातल्यासारख्या म्हणून त्यांना सांगितलं. मग त्यांनी ते सिस्टरना कळवलं, आणि पुढे डॉक्टरांनी सलाइनमधून आयर्न सुक्रोज द्यायचं ठरवलं. एकच डॉक्टर असती तर फेकलेल्या गोळ्या तिला दिसल्या असत्या का?

आणि प्रायव्हेटलासुद्धा कळा चालू असताना तासन् तास जवळ असतात त्या बहुतेक वेळा सिस्टरच. नणंदेला विचार म्हटलं, तिने विचारलं, नणंद म्हणाली हो गं, डॉक्टर शेवटी आल्या. मी प्रायव्हेटला जाऊच नका असं म्हणत नाहीये, ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं, पण फक्त या भीतीपोटी कर्ज काढायचं हे मला पटत नाही, कारण २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी सगळं मोफत आहे.

पण तिची काळजी एका ठिकाणी शंभर टक्के बरोबर होती, आणि ते ठिकाण म्हणजे माहेर. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी निघते, आणि ज्या माणसांनी सहा महिने तिला बघितलं ती सगळी इकडेच राहतात. आशाताई इकडे, सिस्टर इकडे, सोनोग्राफीची फाईल सासरच्या कपाटात, आणि मुलगी आठव्या महिन्यात बीड जिल्ह्यातल्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, नवीन चेहऱ्यांसमोर उभी, तिला विचारतात किती डोस झाले सलाइनचे, ती म्हणते दोन का तीन झाले असतील. सगळ्यात जोखमीचे महिने आणि नेमकी तेव्हाच माहिती तुटते. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता ओटीभरणाची तारीख ठरली का हे मी स्वतःहून विचारते.

म्हणून निघायच्या आधी आम्ही बसून एका कागदावर सगळं लिहिलं. एचबी पहिलं किती, आत्ता किती, सुक्रोजचे डोस कधी झाले, किती राहिले, रक्तगट, बीपी, टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) इंजेक्शनं झाल्याच्या तारखा, आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा). खाली माणसांची नावं आणि मोबाईल, इकडच्या आशाताई, एएनएम (आरोग्यसेविका), मी, आणि माहेरच्या गावच्या आशाताई. त्यांचा नंबर तिच्या आईने शेजारणीकडून मिळवला, मी तिथूनच फोन लावला आणि म्हटलं तुमच्या गावची लेक येतेय, एचबी कमी आहे, डोस बाकी आहेत. पाच मिनिटांचं काम. त्या म्हणाल्या पाठवा, नऊ तारखेला मीच घेऊन जाते तिला. नऊ तारीख म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या सगळ्या गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, आणि जोखमीची असेल तर कार्डवर लाल स्टिकर लागतं, म्हणजे पुढे कुणीही कार्ड उघडलं तरी लगेच कळतं. कार्ड म्हणजे माता बाल संरक्षण कार्ड. ते पर्समध्येच ठेवायचं, ओटीच्या साड्यांबरोबर ट्रंकेत नाही.

डिलिव्हरी तिकडच्या उपजिल्हा रुग्णालयात झाली, नॉर्मल, मुलगी, वजन अडीच किलोच्या वर. कळा चालू असताना तिची आई शेजारी होती. हे पण खूप जणींना माहीत नसतं, सरकारी दवाखान्यातही एक बाईमाणूस सोबत ठेवता येतं, २०१६ मध्ये केंद्राने तशा सूचना दिल्यात, फक्त आधी विचारून ठेवायचं. म्हणजे "ओळखणारं कोण असणार" याचं उत्तर शेवटी तिची आईच होती.

इथपर्यंत घरचे सगळे खूश, नवरा पेढे वाटून कामावर परत, आणि सगळ्यांना वाटलं झालं, सुटलो. मला खरं बोलायचंय ते यापुढचं.

बाळ झालं की घरातले सगळे हात बाळाकडे जातात. बाळ प्यालं का, बाळाने शी केली का, बाळाचं नाक कोणासारखं आहे. बाळंतिणीला विचारतात दूध येतंय ना, तेही बाळासाठीच. आपल्याकडचा सव्वा महिना ही फार चांगली गोष्ट आहे, मालिश, शेक, डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, तिला कामाला हात लावू न देणं, हे ज्यांना मिळत नाही त्यांना विचारा. (फक्त ते पाणी कमी पी, पोट सुटेल, असलं काही ऐकू नका, दूध पाजणाऱ्या बाईला भरपूर पाणी लागतं.) पण त्याच खोलीत तिला काय वाटतंय हे कोण विचारतं?

डिलिव्हरीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. हिचं ओसरलं नाही. आशाताई दवाखान्यात झालेल्या डिलिव्हरीनंतर घरी ठरलेल्या दिवशी येतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, बाळाचं वजन, ताप, नाळ बघायला. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं जे काम केलं त्यातूनच देशभरातल्या आशांच्या या भेटी आल्या, आणि मला त्या कुठल्याही मशीनपेक्षा मोलाच्या वाटतात कारण दवाखान्यात बाई तयार होऊन येते, घरात ती जशी असते तशी दिसते. चौदाव्या दिवशी त्यांना दिसलं की बाळ झोपलंय तरी ही डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघतेय, जेवत नाही. एकविसाव्या दिवशीही तेच, आणि वर म्हणाली की बाळ माझ्यापेक्षा आईकडेच बरं राहील.

आई म्हणत होती बाहेरचं काहीतरी असेल, दृष्ट काढते. आशाताईंनी दृष्ट काढू दिली, वाद घातला नाही, आणि मग हिला विचारलं, तुझ्या त्या कागदावरच्या मॅडमना फोन लावू का. ती हो म्हणाली.

फोनवर मी तिच्याशी एकटीशी बोलले. एडिनबर्ग नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली असते, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं याची, ती सावकाश घेतली. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तो सरळच विचारावा लागतो, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट बऱ्याच जणी सुटल्यासारख्या बोलतात. ती म्हणाली, रात्री वाटतं कुठंतरी निघून जावं, परत येऊच नये. तिला म्हटलं, हा आजार आहे, तू वाईट आई नाहीस, यावर औषध आहे, आणि आज रात्री तू एकटी झोपायचं नाहीस. मग तिच्या परवानगीने आईशी बोलले, नवऱ्याला फोन केला, आणि आशाताईंनी पीएचसीतल्या डॉक्टरांना सांगून दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यायची सोय केली. त्या रात्रीसाठी १४४१६ हा टेलीमानसचा नंबर दिला, मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आईला एकच काळजी, गोळ्या चालू केल्या तर दूध तोडावं लागेल. नाही लागत. दूध पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टर तशाच बघून देतात, म्हणून पाजते हे त्यांना आधीच सांगायचं. तिथल्या डॉक्टरांनी एचबीसुद्धा परत करायला लावलं, कारण रक्त कमी असलं की थकवा आणि उदासी एकमेकांत मिसळतात. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात, त्या हिने बंद केल्या होत्या.

मग कामं वाटून घेतली. रात्री एकदा पाजून झालं की बाळ आजीकडे, हिला सलग चार-पाच तास झोप. नवऱ्याने सुट्टी काढली, आठवडाभर राहिला, आणि गावात कोणी काय बोलेल याचा विचार न करता बाळाचे लंगोट धुतले. सासूबाईंचा फोन आला की आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तर हिच्या आईने सांगितलं, होतं विहीणबाई, आपल्याला कुणी विचारलं नाही एवढंच. हे मला तिच्या आईनेच नंतर सांगितलं.

लगेच बरं वाटलं नाही, गोळ्यांना काही आठवडे लागतातच. ४२ व्या दिवसाच्या तपासणीला ती स्वतः म्हणाली की आता बाळ रडलं की राग येत नाही. त्या दिवशी बीपी, टाके, एचबी सगळं बघितलं, आणि पाळणा लांबवायचं विचारलं तेव्हा अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी दोन्ही समजावून सांगितलं. बीपीचं मुद्दाम सांगते, डिलिव्हरी झाली म्हणजे बीपीचा धोका संपला असं नसतं, त्यानंतरही सहा आठवड्यांपर्यंत जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके असं काही झालं, किंवा तासाभरात पॅड भिजेल इतकं अंगावरून गेलं, ताप आला, घाण वास आला, तर सव्वा महिना पुरा व्हायची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आता ती चाकणला परत आलीये. बाळाचे दीड आणि अडीच महिन्यांचे डोस तिकडे झाले, साडेतीन महिन्यांचा इकडे, कार्डवर सगळं आहे. तिच्या गोळ्या चालू आहेत, बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत असं तिकडच्या डॉक्टरांनी बजावलंय आणि इकडच्या आशाताई गोळ्यांचं पाकीट बघतात. जावेला पाचवा महिना लागलाय, माहेर लातूरकडे, पुढच्या बुधवारी दोघी मिळून येणारेत तिचा कागद लिहायला.