प्रीगॅबालिन घेतल्यापासून झोप लागता लागता अंग उडतं. गोळी बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की कमरेची नस दबली म्हणून रात्री प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्यावरची 75 मिलिग्रॅमची गोळी घेताय, डोळा लागतो न लागतो तोच पाय नाहीतर अख्खं अंग उडतं आणि दचकून जाग येते. शेवटी विचारलंय, "उद्यापासून बंद केली तर चालेल का?" त्या शेवटच्या वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले. नाही चालणार. स्वतःच्या मनाने, एका रात्रीत तर मुळीच नाही. आमच्या घरात नेमकं हेच झालंय आणि त्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं आजही पटत नाही.

आधी तुमच्यापुरतं. झोपेच्या उंबरठ्यावर अंग उडणं हे एकही गोळी न घेणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी होतं. पायरी चुकल्याचा भास होतो, एक झटका बसतो आणि पुन्हा झोप लागते. जागरण, दमणूक, ताण, रात्री उशिराचा चहा यांनी ते वाढतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण प्रीगॅबालिन आणि तिची बहीण गॅबापेंटिन या दोन्ही गोळ्यांनीही स्नायू असे झटकन उडतात, त्याला डॉक्टर मायोक्लोनस म्हणतात. दोन्हींतला फरक रात्री कळत नाही, तो दिवसा कळतो. टक्क जागे असताना हात उडतो का? हातातली वस्तू आपोआप सुटते का? चालताना तोल जातो का, बोलता बोलता गुंगी येते का? यातलं काही असेल तर विषय झोपेचा राहिला नाही.

आमच्या घरी हा फरक बघायला कुणी तयार नव्हतं.

आईला नागीण झाली तेव्हा ती 76 वर्षांची होती. आमचं गाव कोरेगावच्या बाजूला. उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठला आणि दादा तिला पहिल्यांदा नागीण उतरवणाऱ्याकडे घेऊन गेला. काव लावली, मंत्र घातला. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं नाही म्हणून सगळे निर्धास्त झाले. ते मिळतच नसतं! कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती कमी पडली की तो जागा होतो आणि त्या एकाच बाजूच्या एका तंतूच्या पट्ट्यात फोड उठतात. शरीराची मध्यरेषा तो सहसा ओलांडत नाही. मंत्र टाकणाऱ्यांना आजवर मिळालेलं सगळं श्रेय या एका गोष्टीचं आहे. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. आमचे ते तास कावेखाली गेले.

खपल्या पडल्या, कातडी कोरी झाली, आग मात्र राहिली. पाठीवर निखारा ठेवल्यासारखी. ब्लाउजचं कापड टेकलं तरी कळवळायची. म्हातारपणी नागीण झाली की ही मागे राहणारी वेदना अनेकांच्या वाट्याला येते आणि तिच्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी प्रीगॅबालिन दिली. 75 पासून वाढवत वाढवत सकाळी 150 आणि रात्री 150. आणि आईला आराम पडला. किती महिन्यांनी तिने धड कूस बदलली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण दादा सांगतो त्या गोष्टीत एवढाच भाग नसतो.

मग अंग उडायला लागलं. पहिल्यांदा रात्रीच. शेजारी झोपणारी वहिनी मला फोनवर म्हणाली, "वन्सं, आई झोपेत लाथा झाडतात. नागिणीचं विष अंगात राहिलंय असं इथे सगळे म्हणतात." दादा मागून म्हणाला, "झोपेत कुणाचं अंग उडत नाही? वय झालंय तिचं." मेडिकलवाला म्हणाला, शिरांच्या ताकदीची गोळी आहे, तिने काही होत नाही.

मी गौरीला गावी गेले. आई ओटीवर वाती वळत बसली होती, चांगली जागी होती, आणि तिचा हात परातीतून मध्येच वर उडायचा. कापूस सांडायचा, ती तो गोळा करायची, पुन्हा हात उडायचा. संध्याकाळी बशी ओठाशी नेता नेता सुटली आणि चहा पदरावर सांडला. "अगं, हाताला काय झालंय बघ की," म्हणाली. आतबाहेर करताना भिंतीला धरून चालत होती. मला दोनदा मावशीच्या नावाने हाक मारली. मी तिथेच दादाला म्हटलं की हे झोपेतलं दचकणं नाही, हे औषधाचं आहे, तिच्या रक्ताचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे चल. तो म्हणाला, "पुण्याला राहून तू डॉक्टरीण झालीस का?"

मी परत आले आणि त्याने गोळी बंदच केली. डॉक्टरांना न विचारता, एका दिवसात 300 वरून शून्यावर. आईला झोप येईना, घामाने अंथरूण भिजायचं, मळमळ, घालमेल, आणि पाठीची आग पहिल्यापेक्षा दुप्पट. झटके मात्र खरंच थांबले. तेव्हापासून दादाचा एकच मुद्दा आहे: "मी बंद केली आणि झटके गेले, म्हणजे ती गोळी विषच होती."

नाही दादा. गोळी विष नव्हती, मात्रा तिच्या किडनीला झेपणारी नव्हती.

मी आईला पुण्याला आणलं, आमच्या ओळखीच्या फिजिशियनकडे नेलं. त्यांनी जुन्या फायलीतला क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा पाहिला. 1.3. लॅबने कागदावर 1.2 पर्यंत नॉर्मल असं छापलेलं, म्हणून "थोडंसं वाढलंय" म्हणून तो कागद फायलीत गेला होता. त्यांनी विचारलं, वजन किती? 41 किलो. आणि पॅडवर हिशोब मांडला. 140 मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, 72 गुणिले क्रिएटिनिन याने भागायचं, बाई असेल तर पुन्हा 0.85 ने गुणायचं. कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं हे सूत्र 1976 पासून वापरात आहे. आईचं उत्तर आलं मिनिटाला जेमतेम 24 मिली, म्हणजे तिच्या किडन्या मिनिटाला एवढंच रक्त साफ करत होत्या. हाच 1.3 चा आकडा 30 वर्षांच्या, 70 किलोच्या पुरुषाचा असता तर उत्तर 82 आलं असतं. कागदावर आकडा एकच, पण एकाच्या किडन्या धड आणि दुसरीच्या एक चतुर्थांशावर आलेल्या.

प्रीगॅबालिन यकृतात मोडत नाही. जवळजवळ सगळी जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर जाते. किडनी धड असेल तर सहाएक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. किडनी मंदावली की आधीची मात्रा बाहेर पडायच्या आत पुढची येऊन पडते आणि औषध साचत जातं. ते साचलं की गुंगी, तोल जाणं, भ्रम आणि हे झटके. म्हणूनच 15 ते 30 मिलीच्या टप्प्यात दिवसाची कमाल मात्रा 150 मिलिग्रॅम सांगितलेली आहे. आई 300 घेत होती. त्यात गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली अॅसिक्लोफेनॅक रोज चालू होती, आणि तसल्या गोळ्या किडनीवर आणखी भार टाकतात.

डॉक्टरांनी तिला हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगितले, वाहन थांबवताना करतो तसे. आता ते स्थिर होते. मग गुडघ्याची गोळी बंद केली आणि प्रीगॅबालिन 25 पासून पुन्हा सुरू करून रात्री 75 वर थांबवली. आग सोसण्याजोगी झाली आणि झटके परत आले नाहीत. तीच गोळी, तीच आई. विष असतं तर 75 लाही अंग उडालं असतं. वास्तुशांत असो की बारसं, दादा चार पाहुण्यांत हा विषय काढतो, आणि या प्रश्नाला त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट, ज्याचा मला फार राग आहे. आपल्याकडे ही गोळी बहुतेक वेळा मिथाइलकोबालामिनबरोबर, म्हणजे बी-12 बरोबर एकत्र मिळते, आणि लोक तिला व्हिटॅमिनची गोळी समजून वर्षानुवर्षं घेतात. शेजारणीला देतात. दोन विसरले तर तिसऱ्या दिवशी दोन एकदम घेतात. ही मेंदूवर आणि मज्जातंतूंवर काम करणारी गोळी आहे, अपस्मारावरही, म्हणजे फिट्सवरही वापरतात. सत्तरीपुढच्या माणसाला ती सुरू करताना क्रिएटिनिन आणि वजन हे दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय मात्रा वाढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं "रिपोर्ट नॉर्मल आहे" यावर समाधान मानू नका.

आता तुमच्याकडे येते. रात्री एकदा 75 ही मात्रा लहान आहे. वय तुम्ही लिहिलेलं नाही. तरुण असाल, किडनी ठीक असेल आणि दिवसा काहीच होत नसेल तर हे साधं झोपेतलं दचकणं असण्याची शक्यता जास्त. कमरेच्या दुखण्याने झोप मोडते आणि झोप मोडली की असले झटके वाढतातच. पण स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. सोबत नॉर्ट्रिप्टिलिन आहे का? वेगळी ट्रॅमाडॉल, ड्युलॉक्सेटिन किंवा नैराश्यावरची एखादी गोळी चालू आहे का? त्यांनीही स्नायू उडतात. ट्रॅमाडॉल आणि नैराश्यावरची गोळी एकत्र चालू असताना झटक्यांबरोबर ताप, भरपूर घाम, जुलाब, बेचैनी आली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. बंद करायचीच असेल तर डॉक्टर किमान आठवडाभरात टप्प्याटप्प्याने उतरवतात, 75 असली तरी.

दोन गोष्टी राहिल्या. झटके झोपताना नसून सकाळी उठल्या उठल्या येत असतील, दात घासताना ब्रश उडत असेल, किंवा कधी शुद्ध हरपली असेल, जीभ चावली गेली असेल, तर न्यूरोलॉजिस्टलाच दाखवा. तरुणपणी सुरू होणारा एक अपस्मार असाच असतो आणि प्रीगॅबालिनने तो बिघडू शकतो. आणि ही गोळी चालू असताना दारू, झोपेची गोळी किंवा ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध असलं काही स्वतःहून घेऊ नका. श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर 2019 मध्ये तसा इशारा दिला आहे, विशेषतः म्हाताऱ्या आणि सीओपीडीसारखा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्या माणसांसाठी.

दादावर मी काव आणि 72 तासांचा ठपका ठेवते तेव्हा एक सांगायला हवं. वेळेत गोळ्या मिळाल्या असत्या तर फोड आणि सुरुवातीचं दुखणं लवकर आटोक्यात आलं असतं. मागे राहिलेली आग टळलीच असती असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नागिणीची लस 2023 पासून भारतात मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस. महाग आहे. दादाने पन्नाशी ओलांडलीय आणि त्याने आईची पाठ रोज पाहिलीय, तरी तो घेत नाही. त्याचे पैसे मी भरायला तयार आहे, हे इथे लिहून ठेवते.

मी डॉक्टर नाही. वय, वजन आणि शेवटचं क्रिएटिनिन लिहिलंत तर वरचा हिशोब करून देईन, तो कागद आणि गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. तोवर रात्रीची गोळी चालू ठेवा. दिवसाही हात उडायला लागला किंवा गुंगी वाढली तर मात्र पुढची गोळी घेण्याआधी त्यांना फोन करा.