‘भूरो’ म्हणजे चूक नव्हे
शंका-समाधान : मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक

प्रश्न : स्ट्रूपचा प्रयोग (‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असला, तरी शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा) शेजारच्या एका काकांवर करून प्रात्यक्षिकाचं जर्नल लिहिलं. मथळे सगळे होते, तरी ‘कृती अपुरी, चर्चेत निष्पत्तीच पुन्हा’ असा शेरा मारून परत आलं. आणखी काय लिहायचं?
– विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तुमची वही घेऊन अनोळखी माणसाला तोच प्रयोग जसाच्या तसा करता आला, तर कृती पुरी झाली. तुम्ही पाठवलेल्या पानावर ‘कार्ड दाखवून वेळ मोजला’ एवढंच आहे. कार्डावर शब्द किती, रंग किती, कोणत्या लिपीत, आधी कोणतं कार्ड, घड्याळ कधी सुरू केलं, चूक झाली तेव्हा थांबवलं की नाही, यातलं काहीच नाही.

असं लिहा : ‘दोन कार्डे, प्रत्येकी 40 नोंदी, 4 रंग, प्रत्येक रंग 10 वेळा. एका कार्डावर रंगीत चौकोन, दुसऱ्यावर विसंगत रंगात छापलेली रंगांची नावे. लागोपाठ दोनदा एकच रंग नाही. आधी 8 नोंदींचा सराव. “सुरू” म्हणताच घड्याळ चालू, शेवटच्या रंगाचे नाव उच्चारताच बंद. चूक झाल्यास सुधारून पुढे जाण्याची सूचना.’ ही सूचना नेमक्या ज्या शब्दांत दिली, ते शब्द अवतरणात उतरवा. ‘शक्य तितक्या लवकर’ आणि ‘शक्य तितकं अचूक’ या दोन सूचनांनी वेळ वेगवेगळा येतो.

कार्ड तयार करताना आणखी एक पाहा. एखादा शब्द ‘लाल’ असेल, तर लगेच पुढच्या शब्दाची शाई लाल नको. जे नाव नुकतंच दाबून टाकलं तेच लगेच उच्चारायला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्या आकड्यात मिसळतो.

बडोद्यात खरी अडचण भाषेची. तुमचे काका घरी मराठी बोलतात, पण शाळा गुजराती माध्यमाची. कच्च्या नोंदीत निळ्या रंगाला त्यांनी सहा वेळा ‘भूरो’ म्हटलेलं दिसतं, आणि तुम्ही सहाही चुका धरल्या आहेत. गुजरातीत भूरो म्हणजे निळाच! उत्तर बरोबर होतं, नोंद चुकली. कोणत्या भाषेतलं नाव ग्राह्य धरणार हे प्रयोगाआधी ठरवा आणि कृतीत लिहा. तपकिरी रंग तर घेऊच नका, कारण हिंदीच्या सवयीचा माणूस त्याला भूरा म्हणेल आणि मग कोणता भूरा हे कुणालाच सांगता येणार नाही. पांढऱ्या कागदावर पिवळाही नको. तो फिका दिसतो म्हणून वेळ वाढतो, आणि आपण त्याला शब्दाचा अडथळा समजून बसतो. लाल, हिरवा, निळा, काळा हे चार पुरेत. प्रयुक्ताची, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला त्या माणसाची, मातृभाषा, शाळेचं माध्यम, चष्मा आणि लाल-हिरवा ओळखता येतो की नाही, हेही टिपा.

निष्पत्तीत फक्त आकडे आणि ते काय दाखवतात एवढंच. समजा, चौकोनांना 24.0 सेकंद आणि शब्दांना 36.0 सेकंद लागले. फरक 12 सेकंद, म्हणजे दर नोंदीमागे 0.3 सेकंद, वाढ 50 टक्के. हाताने दाबायच्या स्टॉपवॉचवर 36.274 लिहू नका; बोट दाबण्यातच सेकंदाचा पाचवा हिस्सा इकडेतिकडे होतो.

‘का?’ हा प्रश्न चर्चेचा. 1935 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांनी 100 विद्यार्थ्यांकडून 100-100 नोंदी करून घेतल्या. चौकोनांचे रंग सांगायला सरासरी 63.3 सेकंद लागले, विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला 110.3. उलट शब्द नुसते वाचायचे असताना विसंगत शाईने सरासरी जेमतेम 2.3 सेकंद वाढले. अडथळा एकाच दिशेने का, यावर चर्चा उभी राहते. वाचन वर्षानुवर्षांच्या सरावाने आपोआप होतं, रंगाचं नाव घेणं तितकं सरावाचं नसतं. इथे तुमच्या काकांचा मुद्दा आणा : देवनागरीपेक्षा गुजराती लिपी जास्त सरावाची असेल, तर देवनागरी कार्डावर अडथळा कमी यायला हवा. तसं आलं का? असा एक परिच्छेद मथळ्यांच्या चार पानांपेक्षा मोलाचा आहे.

प्रश्न : माझ्या प्रयुक्ताला विसंगत शब्दांना कमी वेळ लागला. सर नापास करतील या भीतीने आकडे बदलावेसे वाटतात.
– विद्यार्थी, बडोदे

उत्तर : बदलू नका. आकडे आले तसेच राहू द्या आणि गृहीतकाला पुष्टी मिळाली नाही असं स्वच्छ लिहा. गुण कारणमीमांसेला मिळतात, आणि तुमच्याकडे कारणं भरपूर आहेत. चौकोनांचं कार्ड आधी दिलं होतं का? मग दुसऱ्या कार्डापर्यंत हात बसला. वर्गात 20 जण असतील, तर 10 जणांना एक कार्ड आधी आणि 10 जणांना दुसरं आधी द्यायचं, ते यासाठीच. प्रयुक्ताने डोळे किलकिले करून अक्षरं धूसर केली का? बरेच जण करतात. म्हणून प्रयोग संपताच ‘तुम्ही हे कसं केलंत?’ असं विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत आत्मनिवेदनात उतरवा.

एकाच प्रयुक्तावर टी-चाचणी (दोन सरासरींमधला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारी) लावू नका. ती 20 जणांच्या एकत्रित आकड्यांवर, जोडीची (प्रत्येकाच्या दोन वेळांची तुलना), स्वातंत्र्यमात्रा 19, म्हणजे जोड्यांपेक्षा एक कमी. द्विपुच्छ चाचणीत (फरक कोणत्याही दिशेने येऊ शकतो असं धरून) 0.05 पातळीला टीचं मूल्य 2.093 च्या पुढे जायला हवं. गेलं तरी ‘सिद्ध झाले’ लिहू नका. ‘पुष्टी मिळाली’ लिहा.

प्रश्न : प्रयुक्ताचं नाव लिहायचं का?
– विद्यार्थिनी, रावपुरा

उत्तर : नाही. ‘प्रयुक्त अ’, वय, लिंग, शिक्षण, मातृभाषा. संमती आधी घ्या आणि घेतल्याचं कृतीत एका ओळीत नोंदवा. कच्च्या नोंदींचा कागद खाडाखोडीसकट जर्नलला जोडा, फेअर करून नव्हे.