चांगल्या चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चॅट आणि एआय का घालत सुटतात?

तुम्ही विचारलंय की दुकानाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर व्यवस्थित चाललं होतं, त्यात आधी चॅट आलं, आता एआयचं बटण आलं, हे मागितलं कुणी? मी कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांसाठी स्टॉक आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. असं एक चॅट मी स्वतः बांधलंय, त्यामुळं आतली बाजू सांगतो.

सुरुवात खऱ्या अडचणीतूनच होते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅचला बसणारे काका आमच्या सॉफ्टवेअरवर माल पाठवल्याचं चलन करायचे, मग खिशातला मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो मारायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला, पाठवायचे. फोटोत ट्यूबलाइटची चमक, हीट नंबर (धातूच्या वितळवलेल्या घाण्याचा नंबर) अर्धा गायब. पलीकडून मेसेज, 'नंबर दिसंना.' की परत फोटो. आम्हाला वाटलं, काम आपल्याकडं होतंय आणि बोलणं बाहेर चाललंय, तर बोलणंच आत आणू. तीन महिने खपून चॅट केलं. कुणी वापरलं नाही, कारण पार्टी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच! ती व्हॉट्सअ‍ॅपवर होती.

ही चूक मोठ्यांनीही केलीय. यूट्यूबनं २०१७ साली अ‍ॅपमध्येच खासगी मेसेजची सोय दिली आणि २०१९ साली बंद केली. बोलणं आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये आणायची ओढ तर त्याहून जुनी आहे. नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीत काम केलेल्या जेमी झविन्स्की या प्रोग्रामरचं म्हणणं प्रसिद्ध आहे की प्रत्येक प्रोग्राम ईमेल वाचता येईपर्यंत वाढतच जातो. माणूस दिवसभर जिथं बोलतो ती जागा सोडत नाही, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं. फेसबुकनं २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपसाठी सुमारे १९ अब्ज डॉलर मोजायचं कबूल केलं ते उगीच नाही.

एआयचं गणित मात्र वेगळं आहे. चॅट गिऱ्हाईक टिकवायला असतं, एआय बरेचदा दर वाढवायला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर प्रत्येक कंपनीला 'तुमच्याकडं एआय आहे का?' हा प्रश्न यायला लागला. साधं फीचर एकदा बांधलं की चालवायला फारसा खर्च नसतो. एआयला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नामागं सर्व्हरचा खर्च असतो. तो कुठून तरी वसूल करावा लागतो. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत वर्ड-एक्सेलच्या घरगुती 'मायक्रोसॉफ्ट ३६५' प्लॅनमध्ये कोपायलट हा आपला एआय घातला आणि महिन्याला ३ डॉलर वाढवले. तो तुम्ही वापरा न वापरा.

पण माझ्या मते मुख्य कारण विक्रीच्या टेबलावर आहे. सॉफ्टवेअर घ्यायचं ठरतं तेव्हा समोर मालक किंवा त्यांचा मुलगा असतो, आणि त्यांच्या हातात तीन कंपन्यांच्या तुलनेचा तक्ता. चॅट, एआय, मोबाइल अ‍ॅप, ज्याच्यापुढं बरोबरच्या खुणा जास्त तो पुढं. रोज दोनशे एन्ट्री मारणारे काका त्या मीटिंगला नसतात. त्यांना एन्टर दाबल्यावर कर्सर बरोबर पुढच्या खान्यात जायला हवा असतो, आणि त्या तक्त्यात त्याची ओळच नसते. आमचं चॅट काढायचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा सेल्सचं उत्तर एकच: मग त्या ओळीत काय लिहायचं? चॅट अजून आहे.

काकांचं काम शेवटी एका बटणानं झालं. दाबलं की चलनाची पीडीएफ तयार होते आणि पार्टीच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. चार दिवसांचं काम होतं ते. फोटो मारणं थांबलं.

तुमचं वार्षिक रिन्यूअल येईल तेव्हा एआय नसलेला जुना प्लॅन मिळतो का, हे स्पष्ट विचारा. काही कंपन्या देतात, पण आपणहून सांगत नाहीत. आणि डेमोला येतील तेव्हा तुमच्याकडं रोज बिलं करणाऱ्या माणसालाच कीबोर्डपुढं बसवा.