नोट धुवू नकोस

अगं, काल त्या दहा डॉलरच्या जुन्या अमेरिकन नोटेबद्दलचा तुझा मेसेज वाचला आणि रात्री नीट झोपच लागेना. "काका, नोट फार मळलीय, धुऊन दर्जा ठरवायला ग्रेडिंगला पाठवू का?" नको! आधी ती सिंकपासून लांब ठेव, मग पुढचं वाच.

सालाचा गोंधळ समजतो तुझा. ही नॅशनल बँक नोट, म्हणजे गावातल्या बँकेने आपल्या नावाने काढलेली. 'सीरिज 1902' हे डिझाइनचं साल, छपाईचं नाही. शिक्का निळा आणि मागे '1902–1908' छापलेलं नाही म्हणजे ती प्लेन बॅक, मागे साल नसलेली, साधारण 1915 पासून निघालेली. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेचं चित्र त्या मालिकेतल्या सगळ्याच दहाच्या नोटांवर आहे, त्याचं काही नाही. निळ्या शाईतला ठळक नंबर आहे ना, तो चार्टर नंबर, सरकारने प्रत्येक बँकेला दिलेला, त्यावरून बँक ओळखायची, नुसतं 'फर्स्ट नॅशनल' म्हणून काही कळत नाही, गावोगाव तेच नाव.

पण हे सगळं वॉशिंग्टनला छापलेलं. आयोवातल्या त्या गावाचं त्या कागदावर काय आहे सांग? दोन सह्या, बास. डावीकडे कॅशियर, उजवीकडे प्रेसिडेंट. न कापलेले शीट बँकेत यायचे, तिथे पेनाने नाहीतर रबर स्टॅम्पने सह्या व्हायच्या आणि मग कात्रीने नोटा कापायचे, म्हणून तुझ्या नोटेची कड वाकडी आहे. तीही सरळ करायला जाऊ नकोस.

मी हे केलंय गं, म्हणून एवढा चिडतोय. या देशात आल्यावर चार वर्षांनी इलिनॉयमधल्या एका खेड्याची वीसची नोट घेतली, बशीत कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, आणि पाच मिनिटांत कॅशियरची सही जांभळी रेघ होऊन पाण्यात गेली. नोट काय स्वच्छ झाली! नाव मी कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं, फोटो नाही, काही नाही. अजून आहे ती माझ्याकडे, डावीकडे नुसती कोरी जागा.

तेव्हापासून मळकी नोट मिळाली की मी तशीच ठेवतो. लोक माझ्या अल्बमला चिंध्या म्हणतात, म्हणू देत, त्या चिंध्यांवरची माणसं मी वाचू शकतो. कोरं करकरीतच हवं असेल तर 1929च्या छोट्या नोटा घे, त्यांच्यावर सह्याही छापीलच आहेत. पण ही धुवू नकोस. आणि इस्त्री पण नाही, मला माहितीय पुढचा प्रश्न तोच असणार.

आज भिंग घेऊन खिडकीपाशी बस, दोन्ही सह्या वाच, अक्षर लागत नसेल तर लागेल तेवढं लिहून पाठव. 1920च्या जनगणनेत तो कॅशियर आपण दोघं शोधू.

तुझा काका