मोबाइलवर लिंक उघडताना 'नेहमी' दाबलं गेलं, आता सगळ्या लिंक त्याच ब्राउझरमध्ये जातात. हे परत कसं फिरवायचं?

दाबलं गेलं की कोणी दाबून दिलं? आमच्याकडे दादाने दिलं होतं.

आई गिरगावात चाळीत एकटी राहते, मी मुलुंडला. गेल्या पावसाळ्यात तिच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टची लिंक मेसेजने आली. तिने दाबली, तर 'डेटा कमी खातो' म्हणून दादाने टाकून दिलेला भलताच ब्राउझर उघडला. वर क्रिकेटच्या बातम्या, मध्ये केस गळण्यावरचं तेल, अक्षरं मुंगीएवढी. रिपोर्ट मुकाट डाउनलोड होत होता, पण ते तिला कळणार कसं? "आलाच नाही गं अजून," म्हणत तीन दिवस वाट बघितली. शनिवारी मी गेले तेव्हा फोनमध्ये त्याच रिपोर्टच्या चार प्रती पडलेल्या.

दादाला फोन केला. म्हणे, "फोन दर वेळी लिंक कशात उघडू ते विचारत बसतो, म्हणून नेहमी दाबलं." अरे, पण तो आईला विचारत होता ना!

मी अर्धा तास व्हॉट्सअ‍ॅपची सेटिंग्ज उलटीपालटी केली. तिथे काही नसतं. लिंक जिथून दाबता ते अ‍ॅप नाही, जिथे जाऊन उघडते ते अ‍ॅप धरायचं. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, तो आगाऊ ब्राउझर, 'ओपन बाय डीफॉल्ट', आणि तिथलं 'क्लिअर डीफॉल्ट'. नाहीतर 'डीफॉल्ट अ‍ॅप्स'मध्ये जाऊन ब्राउझर बदला. शेजारच्या स्टोरेजमधलं 'क्लिअर डेटा' दाबू नका, ते वेगळं प्रकरण आहे.

दादाचा सल्ला होता, 'रीसेट अ‍ॅप प्रेफरन्सेस' कर, सगळं एका फटक्यात. माझं ऐकायच्या आधी आईने त्याचं ऐकलं. डेटा जात नाही हे खरं, पण मी एकेक करून बंद केलेली नोटिफिकेशन्स सगळी परत सुरू झाली. रात्री अडीचला आईच्या उशाशी रमीचं आमंत्रण.

त्याचं सगळं असंच. चाळीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के संमती लागते, तर हा कागद घेऊन आला आणि "आई, इथे सही कर, मी वाचलंय." आईने केली. कार्पेट एरिया किती मिळणार ते मी विचारलं, तर म्हणे तुला प्रत्येक गोष्टीत प्रश्न. हो, आहेत. 'फक्त एकदा' हे बटण माझ्यासारख्यांसाठीच ठेवलंय. कोणाच्याही आईच्या फोनवर 'नेहमी' दाबायचा हक्क फक्त त्या आईला.

हां, वरची नावं आईच्या जुन्या अँड्रॉइडवरची. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात, आणि अँड्रॉइड १२ पासून 'ओपन बाय डीफॉल्ट'चं पानच वेगळं दिसतं, तिथे ब्राउझर 'डीफॉल्ट अ‍ॅप्स'मधूनच बदला. आयफोनवर त्या ब्राउझरच्या सेटिंगमध्येच डीफॉल्ट बदलता येतो, iOS चौदापासून. आणि प्रश्न कम्प्युटरवरच्या फायरफॉक्सचा असेल, म्हणजे मीटिंगची किंवा ईमेलची लिंक न विचारता दुसऱ्याच प्रोग्रामात उडी मारत असेल, तर सेटिंग्ज, जनरल, खाली 'अ‍ॅप्लिकेशन्स'ची यादी, त्यात तो प्रकार शोधून 'ऑलवेज आस्क' करा. दादाच्या लॅपटॉपवर मी परवाच करून आले. त्याला न विचारता.